अर्थिंगला पाणी

छपरावर अँटेना चढवायचा असेल तर पाइप आधी जमिनीवर आडवा टाकून बघावा. उभा करताना हातातून सुटला तर कुठवर पडेल तेवढा गोल डोळ्यानं आखावा, त्यात दोन हात आणखी मिळवावे, आणि त्या गोलात विजेची तार येत असेल तर ती जागा सोडून द्यावी. हे मी घाटंजीत तीस वर्षं सांगत आलो आणि लोक तीस वर्षं हसत आले. ‘वाहिदभाई, अँटेना लावून राह्यले का देऊळ बांधून राह्यले?’ असं विचारतात. हसू देत.

माझा धाकटा भाऊ जमीर १९८९ साली मुकुटबनला टीव्हीचा पाइप उभा करताना गेला. पाइप वीस फुटांचा होता आणि तार पंधरा फुटांवर. मी त्या वेळी दुकानात बसून कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलत होतो. तेव्हापासून मी पाइप कधी एकट्यानं उभा केला नाही, आभाळात ढग असताना छपरावर चढलो नाही, आणि अर्थिंग केल्याशिवाय कोणाच्या घरून निघालो नाही. ज्या गोष्टीनं माणूस मरू शकतो अशी एकही गोष्ट मी मागं ठेवत नाही, असं मी अभिमानानं सांगायचो. ते वाक्य आता माझ्या तोंडातून निघत नाही.

दोन हजार सहाचा एप्रिल होता. माझं दुकान एस.टी. स्टँडच्या मागं, आणि तोपर्यंत त्यात माश्या मारायचंच काम उरलं होतं. रेडिओ कोणी आणत नव्हतं. मोबाइलवाल्याकडं रांग असायची. एका बाजाराच्या दिवशी एक बाई आल्या, साठीच्या आसपासच्या, नऊवारी लुगडं, काखोटीला चादरीत बांधलेलं काहीतरी जड. सोडलं तर लाकडी पेटीचा जुना बॅटरीवरचा रेडिओ. मागं दोन स्क्रू, एक अँटेनाचा आणि एक अर्थिंगचा. असा सेट मी दहा वर्षांत पाहिला नव्हता.

“मी खैरझरीची विमल. रामरावची बायको,” त्या म्हणाल्या. “याले छपरावरचा अँटेना लावून देता का भाऊ?”

रामराव मला नावानं माहीत होते. पूर्वी खैरझरीत रेडिओ मंडळ होतं. बारा शेतकऱ्यांनी वर्गणी काढून हा सेट घेतला होता आणि रामराव त्या मंडळाचे चालक. रोज संध्याकाळी साडेसहाला शेतीचा कार्यक्रम लागायचा. रामराव वहीत हजेरी घ्यायचे, सगळे सतरंजीवर बसून ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, मग चहा. टीव्ही आल्यावर मंडळ मोडलं. पुढं ते दिवस आले, ज्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी ते उगाळत बसत नाही. बारांपैकी अकरा गेले. पाच जण वयानं, आजारानं. सहा जण आपल्या हातानं.

“दिवाळीपासून हे बोलून नाही राह्यले,” विमलताई म्हणाल्या. “बाजीवर पडून वासे पाह्यतात. भाकर देल्ली त खातात, नाही देल्ली त नाही. म्या घरातली दोरी न् दोरी उचलली. फवाऱ्याचं औषध गोठ्यातून काढून फेकलं. हिरीवर बाभळीचे काटे टाकले. पर चोवीस घंटे कोठं पाहू भाऊ? मले हा माणूस जिता पाह्यजे.”

“आन् रेडिओ कायले?”

“परवा सहज लावला. नुसती खरखर आली. तर त्यायनं मान वळवली.”

एवढ्यासाठी त्या बारा किलोमीटर ते ओझं घेऊन आल्या होत्या. मी दुसऱ्याच दिवशी जायचं कबूल केलं.

खैरझरी टेकड्यांच्या खोलगटात आहे, त्यामुळं तिथं नागपूर केंद्र नीट लागत नाही. रामरावांचं घर अर्धं कवेलूचं, अर्धं स्लॅबचं. पराटीचा, म्हणजे कपाशीचा, हंगाम संपून शेतं उघडी पडली होती आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. रामराव ओसरीत बाजीवर पडलेले. मी “नमस्कार रामरावजी” म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण भिंतीकडं पाहावं तसं.

विजेची तार पुढच्या गल्लीतून जात होती, म्हणून मी मागची बाजू धरली. पाइप आडवा टाकून बघितला, दोनदा मोजला. स्लॅबवर पाइप आणि गोठ्याच्या टोकाला सागाचं खोड, या दोहोंमध्ये चाळीस फूट तांब्याची तार ताणायची, तार कशाला टेकू नये म्हणून दोन्हीकडं चिनी मातीच्या गोट्या बांधायच्या, असा बेत होता. खालून दोर धरायला माणूस हवा होता. मी म्हटलं गावातला एखादा गडी बोलवा. ताईंनी पदर खोचला.

“मी धरते.”

“मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही. काहीही झालं तरी.”

“नाही सोडत.”

पाइप उभा राहताना मध्येच वाऱ्याची झुळूक आली आणि तो कलला. दोर ताईंच्या हातातून वीतभर सरकला असेल, मग थांबला. मी पाइपला धरून ठेवणाऱ्या तारांचे तिन्ही ताण बांधून खाली उतरलो आणि सोडा म्हटलं, तेव्हा त्यांनी सोडला. दोन्ही तळवे सोलले होते. मी हळद लावा म्हटलं. त्या म्हणाल्या, “अर्थिंग राह्यली ना तुमची?”

अर्थिंगसाठी चार-पाच फूट खड्डा हवा. एप्रिलमधली काळी माती म्हणजे दगड. अंगणात दोन ठिकाणी सब्बल मारली, ठिणग्या उडाल्या. मग ताईंनी न्हाणीमागची, भिंतीला लागून असलेली जागा दाखवली. तिथं सब्बल लोण्यात सुरी जावी तशी गेली. मला बरं वाटलं. अशी भुसभुशीत जागा मिळाली की काम अर्ध्या तासात होतं. चार फुटांवर सब्बल पत्र्यावर आपटली.

मी हातानं माती काढली. औषधाचा डबा होता, शेतात फवारतात त्या औषधाचा, लिटरभराचा. कागद कुजून गेलेला, झाकण घट्ट. हलवला तर आत डुचमळलं.

ताई खड्ड्याच्या काठाशी उकिडव्या बसल्या होत्या.

“हे त्यायचं काम,” त्या म्हणाल्या. “मंडळातलं कोणी गेलं, का हे तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचे. उरलेला डबा मागून आणायचे आन् इथं गाडायचे. म्हणे, एकानं घेतलं तेवढं लय झालं, घरातल्या दुसऱ्याच्या हाती नाही लागलं पाह्यजे. धनसिंगचा, फुलचंदचा, बळीरामचा... सहा हायत. बाकी आणखी खाली असतील.”

मी खड्डा बुजवून दुसरीकडं खणायला हवा होता. पण दुपार झाली होती आणि दुसरीकडं दगड होता. जागा चांगली होती. मी तिथंच अर्थिंगचा पाइप उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा भरला, जाड तार घट्ट आवळली आणि घरात सेटपर्यंत आणली. डबा मी न्हाणीच्या भिंतीवर ठेवला होता. निघताना माझी नजर त्यावर गेली.

“ताई, हा गावाबाहेर खोल पुरून टाकजा.”

“पुरते ना.”

“आन् या खड्ड्यात रोज दोन लोटे पाणी टाकजा. अर्थिंग कोरडं पडू देऊ नका. कोरडं पडलं का ते असून नसल्यासारखं. ईज पडली त घरावर येते.”

“टाकते,” ताई म्हणाल्या. खैरझरीत पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा.

साडेसहाला मी सेट लावला. उन्हं अजून कवेलूंवर होती. नागपूर केंद्र असं लागलं जसं बाजूच्या खोलीत कोणी बोलतंय. माझी छाती फुगली. बी-बियाण्यांवर कोणी साहेब बोलत होते. दोन-तीन मिनिटांनी त्यांच्या बोलण्याखाली मला खोकला ऐकू आला. कोरडा, तीनदा. मग तळहातावर तंबाखू मळून थाप मारतात तो आवाज. मग कोणीतरी मांडी बदलली, सतरंजी खसकन सरकली.

स्टुडिओत माणसं बसवली असतील, असं मला वाटलं. पूर्वी गावकऱ्यांना बोलावून कार्यक्रम करायचे. पण साहेब तर एकटेच कागद वाचून दाखवत होते.

बाजी करकरली. रामराव उठून बसले होते. त्यांचे डोळे सेटवर होते. दिवाळीपासून न उघडलेलं तोंड उघडलं.

“धनसिंग,” ते म्हणाले.

विमलताई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मी माझा चहा प्यायलो. मला साखरेचा आजार आहे, म्हणून त्यांनी माझ्यासाठी वेगळा, बिनसाखरेचा केला होता. घरातल्या कपांशी घोटाळा नको म्हणून स्टीलच्या पेल्यात, वर बशी झाकलेली, निवू नये म्हणून.

घरी आल्यावर मी गौहरला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. रामराव कसे पडून होते, कसे उठून बसले. ती कांदे चिरत ऐकत होती. मग म्हणाली, “मियाँ का तो सब बताया. बीबी कैसी है?”

मी म्हटलं, ठीक है.

मे महिन्यात मी तिथं चारदा गेलो. पहिल्यांदा ताईंचा निरोप आला म्हणून, नंतर आपणहून. रामराव जेवायला लागले होते, दाढी करत होते, दिवसा वखर बघायला शेतापर्यंत जाऊन यायचे. मी पोचलो की हात वर करून “या, वाहिदभाई” म्हणायचे. माझा जीव भांड्यात पडायचा. गावात बोललं जात होतं की घाटंजीच्या मेकॅनिकनं रेडिओ लावून माणूस उभा केला. मीही ते ऐकून खूश व्हायचो, खोटं कशाला बोलू.

पण साडेसहा वाजले की मला ते घर नको व्हायचं.

मी मेकॅनिक आहे. आवाज आला तर तो कुठून आला ते शोधणं हे माझं पोट. तिसऱ्या भेटीत कार्यक्रम चालू असताना मी मागचा अँटेनाचा स्क्रू सोडला. नागपूर केंद्र गेलं. खोकला राहिला. थाप राहिली. आता तर मध्ये दुसरा आवाज नसल्यामुळं सगळंच स्वच्छ ऐकू येत होतं, नाकानं जड श्वास घेणारा एक, बोटं मोडणारा एक, चुन्याची डबी उघडझाप करणारा एक. मी अँटेना जोडला आणि अर्थिंगचा स्क्रू सोडला. साहेब थोडे खरखरीत बोलत राहिले. बाकी सगळं थांबलं, दार लावून घ्यावं तसं.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

रामराव शांतपणे बघत होते. “वरून नाही येत ते,” मला समजावत म्हणाले. “जोडा परत.”

मी जोडलं. ताई न्हाणीमागं गेल्या होत्या, पाणी टाकायला. लोट्यातून पाणी पडल्याचा आवाज मला मागच्या दारातून आला आणि त्याबरोबर सेटमधले श्वास जवळ आले. आणि ओसरीत औषधाचा वास आला, पराटीत फवारल्यावर संध्याकाळी येतो तो.

मी मोजलं होतं. सहा माणसं होती. रामराव प्रत्येकाला ओळखायचे. धनसिंगचा खोकला, फुलचंदची डबी, बळीरामची बोटं. मी विचारलं, वयानं गेलेले पाच जण येत नाहीत का?

“थे नाही येत,” रामराव म्हणाले. त्यांना यात काही विचित्र वाटत नव्हतं.

त्या दिवशी मी ताईंना अंगणात गाठलं. पकड हातातच होती.

“मी अर्थिंगची तार कापून टाकतो. हे बरं नाही. ताई, ते सहाजण रामरावजीची वाट पाहून राह्यले. त्यायले बोलावून राह्यले.”

“काहून कापता?” त्यांचा आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. “सहा महिन्यानं माणूस जेवला, भाऊ. कापसान आन् उद्या तो परत वासे पाहीन, मंग मी काय करू? कोणी बी येऊ द्या रेडिओत. जो येते तो येऊ द्या.”

“आन् त्यायच्या मागं गेले त?”

“नाही जाऊ देत मी,” ताई म्हणाल्या. “मी हाय ना.”

ओसरीतून रामरावांचं हसू ऐकू आलं. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं.

“वाहिदभाई, तुमी उगाच घाबरता. थे मले नाही बोलावत. मंडळाची रीत होती, कार्यक्रम झाला का विमल चहा आणे. चहा झाल्याबिगर कोणी उठे ना. थे चहासाठी बसून राह्यले.”

ताईंच्या हातात रिकामा लोटा होता. त्या हसल्या नाहीत. त्या न्हाणीकडं बघत उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं आत जाऊन त्यांनी चहा टाकला. त्यांनी माझा पेला आणला तेव्हा वरची बशी वाजत होती. दंडावरची चोळी सैल झाली होती. मी विचारलं, रामरावजी रात्री झोपतात का? त्या म्हणाल्या, झोपतात, मी पाह्यत बसते ना. मी विचारलं, जेवण नीट करतात? त्या म्हणाल्या, करतात.

एवढंच विचारून मी मोटारसायकल काढली. त्या जेवतात का, त्या कधी झोपतात, हे मी विचारलं नाही. भिंतीवर डबा होता की नव्हता, हेही मी पाहिलं नाही. त्याच्याशेजारी मी माझा झोला ठेवायचो, म्हणजे पाहिला असलाच पाहिजे. अर्थिंगची तार मात्र मी जाताना ओढून बघितली होती, घट्ट आहे की नाही ते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला दुकानावर निरोप आला. निरोप आणणारा खैरझरीचा एस.टी.तून उतरलेला माणूस होता. “रामरावच्या घरी झालं,” एवढंच तो म्हणाला आणि मी कपाळाला हात लावून खाली बसलो. मनात म्हटलं, नेलंच शेवटी त्याला. मग तो पुढं बोलला. रामराव नव्हते. ताई होत्या.

मातीला मी पोचलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो.

पिंटू, त्यांचा मुलगा, नागपूरहून आला होता. त्यानं सांगितलं ते असं. संध्याकाळी आईनं वडलांना भाकर वाढली, रेडिओ लावून दिला आणि अर्थिंगला पाणी टाकायला मागं गेली. कार्यक्रम संपला तरी आली नाही. वडील बघायला गेले तेव्हा ती खड्ड्याजवळ भिंतीला टेकून बसलेली होती. बाजूला लोटा होता.

“घरात औषधाचा थेंब नव्हता, काका,” पिंटू म्हणाला. “तिनंच फेकलं होतं सगळं. कोठून आणलं, समजून नाही राह्यलं.”

मी न्हाणीमागं गेलो. भिंतीवर डबा होता. रिकामा. आतून-बाहेरून घासून, धुऊन, पाणी निथळायला उपडा घातलेला, जशी घरातली भांडी त्या घालायच्या.

मी तो उचलला नाही. हा डबा मी काढला होता. इतर पाच अजून खाली होते, रामरावांनी गाडले तिथं, कोणाच्या हाती न लागता. हा एक मी वर आणून, बाईच्या डोळ्यांसमोर, तिच्या हाताशी ठेवला होता आणि विजेपासून घर वाचवायच्या गोष्टी सांगून निघून गेलो होतो. मी पिंटूला हे सांगितलं नाही. आजवर कोणाला सांगितलं नाही. गौहरला तेवढं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पेपरात त्या आठवड्याचा आकडा आला. त्यात ताई नव्हत्या. शेत बाईच्या नावावर नव्हतं, तर ती शेतकरी कशी, असं कोणीतरी ठरवलं असेल. मी तो पेपर दुकानात फाडला.

जूनअखेर ढग येऊ लागले. अँटेना काढून घ्यायला हवा होता. निदान कारण तेच सांगून मी गेलो. पिंटू नागपूरला परतला होता. रामराव एकटे होते. मला वाटलं होतं ते परत बाजीवर पडले असतील. ते सतरंजी झटकत होते. दाढी केलेली, सदरा धुतलेला.

“या वाहिदभाई. बरोबर टायमावर आले.”

साडेसहाला पाच कमी होते.

“रामरावजी, मी अँटेना काढून नेतो. ईजेचे दिवस आले.”

“काढा ना. अँटेनाचं काय काम हाय?”

मी स्लॅबवर चढून ताण सोडले, तार गुंडाळली. पाइप उतरवताना खालून दोर धरायला कोणी नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी एकट्यानं पाइप उतरवला. काही झालं नाही.

खाली आलो तेव्हा रामराव मागून येत होते, हातात ओला लोटा. त्यांनी सेटचं बटण फिरवलं. मागं आता एकच तार होती, अर्थिंगची.

मी पकड काढली. दोन बोटांचं काम होतं.

“बसा,” ते म्हणाले. “मंग कापा. मी नाही म्हणत नाही.”

मी बसलो.

औषधाचा वास आला. खोकला आला, तीनदा. चुन्याची डबी. बोटं मोडल्याचा आवाज. सहाही आले. रामरावांनी वही उघडून हजेरी घेतली, प्रत्येक नावानंतर थोडं थांबत. मग वही मिटली आणि मांडीवर हात ठेवून बसले.

पण एक फरक होता. मे महिन्यात ते सगळे चुळबुळत असायचे. आता कोणी मांडी बदलत नव्हतं.

रामराव सेटकडं झुकले.

सेटमध्ये बांगड्या वाजल्या.

मग कपबशी जमिनीवर ठेवल्याचा आवाज. थोडं पुढं दुसरी. मी मोजत होतो, माझी इच्छा नसताना मोजत होतो. तीन. चार. पाच. सहा. कोणीतरी बशीत ओतून फुरका मारला.

सातवी कपबशी ठेवली गेली तेव्हा रामरावांनी मान हलवली.

झालं, असं मला वाटलं. मी पकड तारेला लावली.

बांगड्या परत वाजल्या. मग जमिनीवर स्टीलचा पेला ठेवल्याचा आवाज आला, सावकाश, सांडू नये असा.

आणि त्यावर बशी झाकल्याचा.